भांडी, केस, बुचं आणि कोळसा : आपला आवडता कलावंत कसा निवडावा?

काळा घोड्याच्या एखाद्या कलादालनात किंवा पणजीत डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी महोत्सवात आपण शिरतो. समोर स्टीलच्या भांड्यांचा ढीग असतो, केसांचे दोर असतात, नाहीतर बाटल्यांच्या चपट्या केलेल्या बुचांचा पडदा असतो. अशा ठिकाणी दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, ‘काय डोकं लावलंय!’ आणि दुसरं, ‘यात काय विशेष? हे तर आमच्या माळ्यावर पडलंय.’

दोन्ही वाक्यं प्रामाणिक असतात, पण ती पहिल्या मिनिटातली असतात. वेगळ्या वस्तूंतून काम करणाऱ्या कलावंतांपैकी आपला आवडता कोण, हे त्या मिनिटात ठरत नाही. वस्तूची नवलाई ओसरल्यावर जे उरतं त्यावर ते ठरतं. तिथवर पोचायचं कसं, ते पायरीपायरीने पाहू.

यासाठी कलेचं शिक्षण असण्याची गरज नाही. एक वही, थोडा निवांत वेळ आणि ‘मला हे आवडलं नाही’ असं म्हणायची तयारी एवढं पुरतं.

सुरुवातीला तीन शब्द

माध्यम म्हणजे कलाकृती ज्या वस्तूतून घडते ती वस्तू. तैलरंग, संगमरवर, कांसं ही सवयीची माध्यमं. शेण, टिकल्या, परागकण, बंदुकीची दारू ही सवयीबाहेरची.

समकालीन म्हणजे आपल्याच काळात काम करणारा. तो तरुण असलाच पाहिजे असं नाही. आपल्या यादीतले एक गृहस्थ ऐंशी ओलांडलेले आहेत.

मांडणशिल्प म्हणजे एखाद्या जागेत वस्तू अशा मांडायच्या की ती सगळी जागाच कलाकृती होते. आपण तिच्याभोवती फिरतो, कधी तिच्या आतून जातो. दालनांत यालाच इन्स्टॉलेशन म्हणतात.

पायरी पहिली : यादी सहा नावांची

इथे नावं शेकड्यांनी सापडतात आणि सगळीच थोडी थोडी पाहिली तर एकही लक्षात राहत नाही. म्हणून सहाच घ्यावीत आणि प्रत्येकाचं माध्यम वेगळं असावं. नमुन्यादाखल एक यादी देतो.

सुबोध गुप्ता. जन्म १९६४, बिहारमधलं खगौल. स्टेनलेस स्टीलची भांडी, डबे, बादल्या.

भारती खेर. जन्म १९६९, लंडन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आल्या. टिकल्या.

शीला गौडा. जन्म १९५७, कर्नाटकातलं भद्रावती. शेण, कुंकू, डांबराची पिंपं, माणसाचे केस.

एल अनात्सुई. जन्म १९४४, घाना. आयुष्यातला मोठा काळ नायजेरियातल्या एन्सुक्का इथे. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं.

त्साय ग्वो-च्यांग. जन्म १९५७, चीनमधलं च्वानचौ. बंदुकीची दारू.

प्रभाकर पाचपुते. जन्म १९८६, चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती. कोळसा.

हीच यादी घ्यावी असं नाही. समुद्र, शिंपले, वाळू यांत रस असेल तर डॉक्टरकी सोडून कलेकडे वळलेले गोव्याचे सुबोध केरकर यादीत येऊ शकतात. परागकण ऐकून कुतूहल वाटलं तर जर्मनीचे वोल्फगांग लाइब घ्यावेत. गंमत म्हणजे त्यांनीही वैद्यकीचं शिक्षण घेतलेलं आहे.

इथे चूक होते ती मोबाइलमुळे. तांदळाच्या दाण्यावर गणपती, पेन्सिलीच्या टोकावर ताजमहाल असे व्हिडिओ समोर येतात आणि आपण त्यांनाच यादीत घालतो. त्यातली हातोटी खरी असते आणि तिचं कौतुक जरूर करावं. पण ‘हे इतक्या बारीक जागेत जमलं कसं?’ हे कौतुक एका प्रकारचं आणि ‘हे याच वस्तूतून का सांगितलं?’ हा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा. आपली निवड दुसऱ्या प्रश्नावर करायची आहे, म्हणून दोन याद्या वेगळ्या ठेवाव्यात.

पायरी दुसरी : आधी पाहायचं, मग पाटी वाचायची

प्रत्येक कलाकृतीशेजारी भिंतीवर छोटी पाटी असते. तिच्यावर साधारणपणे कलावंताचं नाव, कलाकृतीचं शीर्षक, वर्ष, माध्यम आणि आकारमान असतं. बरेच जण दालनात शिरून थेट या पाटीकडे जातात, ती वाचून वर पाहतात आणि पुढे सरकतात. असं केलं की आपण पाटीवरचा मजकूर कलाकृतीत शोधत बसतो.

म्हणून पहिली पाच मिनिटं पाटीकडे पाठ करावी. आधी लांबून पाहावं, मग जितकं जवळ जाऊ देतील तितकं जवळ जावं. वास येतो का? पृष्ठभाग खरखरीत आहे की गुळगुळीत? वस्तू ओळखू येते का, आणि किती अंतरावर आल्यावर? हे वहीत दोन ओळींत टिपावं.

अनात्सुईंच्या कामात हे अंतर फार मोलाचं ठरतं. लांबून ते भरजरी, चुणीदार वस्त्र वाटतं. चारपाच पावलं पुढे गेलं की चमक धातूची आहे हे कळतं. अगदी जवळ गेल्यावर बुचांवरची दारूच्या कंपन्यांची नावं दिसतात आणि एक बूच दुसऱ्याला जोडणारी तांब्याची बारीक तार दिसते. पाटी आधी वाचली असती तर हे तिन्ही टप्पे हातचे गेले असते.

आता पाटी वाचावी. ‘मिश्र माध्यम’ असं लिहिलेलं असेल तर एकाहून जास्त वस्तू वापरल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ‘आकारमान जागेनुसार’ असं असेल तर ते काम प्रत्येक ठिकाणी वेगळं मांडलं जातं. अनात्सुई आपला पडदा कसा टांगावा हे बऱ्याचदा मांडणाऱ्यांवर सोपवतात. त्यामुळे एकाच कामाचे दोन ठिकाणचे फोटो वेगवेगळे दिसले तर बुचकळ्यात पडू नये.

पायरी तिसरी : यातली कलाकृती नेमकी कोणती?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण सवयीबाहेरच्या माध्यमांत सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. साधारण चार प्रकार असतात.

पहिला प्रकार सरळ : समोरची वस्तू हीच कलाकृती. सुबोध गुप्तांची भांडी किंवा भारती खेर यांची टिकल्यांनी मढवलेली हत्तीण यात मोडते.

दुसऱ्या प्रकारात वस्तू मोडून टाकली जाते आणि छायाचित्र उरतं. ब्राझीलचे विक मुनीझ यांनी रिओजवळच्या जार्दिम ग्रामाशो या अवाढव्य कचराभूमीत कचरा वेचणाऱ्या माणसांची चित्रं केली. मोठ्या जमिनीवर कचराच मांडून चेहरे उभे केले, उंचावरून फोटो काढले आणि कचरा उचलला. त्यावर २०१०मध्ये ‘वेस्ट लँड’ हा माहितीपटही आला. इथे कलाकृती आहे तो फोटो. मुंबईच्या जितीश कल्लाट यांच्या ‘एपिलॉग’चंही तसंच आहे. आपल्या वडिलांनी हयातीत पाहिलेले २२,८८९ चंद्र त्यांनी चपात्यांच्या छायाचित्रांतून मोजले. चपाती घासाघासाने कमी होत जाते तशी चंद्राची कला घटते. आपल्यासमोर चपाती नसते, तिचा फोटो असतो.

तिसऱ्या प्रकारात घटना घडून जाते आणि खूण मागे राहते. त्साय ग्वो-च्यांग कागदावर बंदुकीची दारू पसरतात, वरून पुठ्ठे आणि दगड ठेवतात आणि वात पेटवतात. क्षणभर धूर आणि ज्वाळा, आणि कागदावर उरतो तो जळका तपकिरी डाग. तोच चित्र म्हणून भिंतीवर लागतो. त्यांची ‘स्काय लॅडर’ ही आगीची शिडी मात्र २०१५मध्ये च्वानचौच्या किनाऱ्यावर आकाशात चढली आणि विझली. ती आता फक्त चित्रफितीत आहे.

चौथ्या प्रकारात कलाकृती म्हणजे निव्वळ सूचना. मौरित्सिओ कात्तेलान यांनी २०१९मध्ये मायामीत भिंतीला चिकटपट्टीने केळं चिकटवलं, ते याच जातीचं. विकत घेणाऱ्याला मिळतं ते प्रमाणपत्र आणि केळं कसं चिकटवायचं याच्या सूचना. केळं बदलत राहायचं. त्याची एक प्रत नोव्हेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरना गेली आणि घेणाऱ्याने ते केळं लोकांसमोर खाऊनही टाकलं.

प्रकार ओळखला की निम्मी चिडचिड कमी होते. फोटोला ‘यात कचऱ्याचा वास कुठे?’ आणि केळ्याला ‘यात हातोटी कुठे?’ असं विचारणं म्हणजे चुकीच्या खिडकीवर रांग लावणं.

पायरी चौथी : वस्तूचा मागचा प्रवास विचारायचा

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, तेव्हा इथे जरा थांबू. दालनात येण्याआधी ती वस्तू कुठे होती, कुणाच्या हातात होती, कशासाठी वापरली जात होती?

शीला गौडा यांचं ‘बिहोल्ड’ हे २००९ सालचं काम घेऊ. ते त्या वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात होतं आणि नंतर लंडनच्या टेट संग्रहालयाने घेतलं. त्यात दोनच वस्तू आहेत : गाड्यांचे वीस पोलादी बंपर आणि माणसाच्या केसांचा सुमारे चार हजार मीटर दोर. दोर भिंतींवर आणि जमिनीवर वळ्यावळ्यांनी पसरलेला असतो आणि बंपर त्या दोराने तोललेले असतात.

आता मागे जाऊ. दक्षिणेतल्या मंदिरांत नवस फेडायला लोक मुंडण करून केस वाहतात. लांब केसांना टोप बनवणाऱ्यांकडून चांगला भाव येतो आणि ते परदेशी जातात. आखूड केसांना तो भाव नाही. ते वळून त्यांचे बारीक दोर करतात आणि गाडीला दृष्ट लागू नये, अपघात होऊ नये म्हणून ते बंपरला बांधतात. बंगळूरच्या रस्त्यांवर हे दोर गौडांनी पाहिले. आपल्याकडे ट्रकला लिंबू-मिरची किंवा काळी बाहुली बांधतात, तीच भावना.

एवढं कळल्यावर पुन्हा दोराकडे पाहावं. चार हजार मीटर दोरात किती माणसांची भीती आणि किती जणांचा नवस वळला आहे! पोलादाचा बंपर गाडी वाचवायला केलेला, आणि त्या बंपरला वाचवायला केस. दालनात तर केसच पोलादाचा भार पेलून धरतात. हे सारं पाटीवर लिहिलेलं नसतं. ते वस्तूच्या अंगात असतं आणि विचारल्यावर बाहेर येतं.

अनात्सुईंच्या बुचांनाही असाच मागचा प्रवास आहे. १९९८च्या सुमारास एन्सुक्काजवळ त्यांना बुचांनी भरलेली एक पिशवी टाकून दिलेली सापडली. ती दारूच्या बाटल्यांची बुचं होती. युरोपी व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत दारू आणली आणि ती मालाच्या, पुढे माणसांच्याही मोबदल्यात दिली. म्हणजे एका छोट्या बुचात गुलामांच्या व्यापाराची आठवण आहे. शिवाय अनात्सुईंच्या घरात केंटे हे रंगीत पट्ट्यांचं वस्त्र विणलं जात असे. चपटी केलेली, दुमडलेली, पिळलेली बुचं भोक पाडून तारेने एकमेकांना जोडताना गोधडी शिवल्यासारखं काम होतं : टाकून दिलेल्या तुकड्यांचं एक पांघरूण.

पाचपुत्यांच्या कोळशाबाबत एक गफलत टाळावी. चित्रकार ज्या कांडीने रेखाटतात तो चारकोल लाकूड जाळून केलेला असतो. खाणीतून निघतो तो दगडी कोळसा वेगळा. पाचपुत्यांच्या घरातल्या पिढ्या चंद्रपूरच्या खाणींशी बांधलेल्या, आणि ते स्वतः चारकोलने थेट भिंतीवर माणसं काढतात. कुणाच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा असतो, कुणाच्या यंत्र. चारकोल तसा आदिमानवाच्या काळापासूनचा. माध्यम म्हणून तो अनोखा मुळीच नाही. पण खाणीची गोष्ट काळ्या भुकटीने सांगितली की ती दुसऱ्या कशाने सांगता आली नसती असं वाटतं. म्हणून पाचपुते यादीत आहेत. माध्यम चमत्कारिक असलंच पाहिजे असं नाही, ते अटळ वाटलं पाहिजे.

या पायरीवर चूक होते ती माहितीच्या अतिरेकाची. दोनतीन लेख वाचून आपण इतके भारावतो की समोरचं काम कसंही असलं तरी थोर वाटू लागतं. माहिती वाचून झाली की परत जाऊन पाहावं. ती माहिती कामात दिसत असेल तरच धरावी.

पायरी पाचवी : अदलाबदलीची कसोटी

मनातल्या मनात माध्यम काढून घ्यावं आणि त्या जागी दुसरं घालावं. काम कोसळलं तर माध्यम खरं. काम तसंच उभं राहिलं तर माध्यम शोभेचं.

‘बिहोल्ड’मध्ये केसांऐवजी नायलॉनचा दोर घालून पाहू. उरतात वीस बंपर आणि भरपूर दोरी. काम संपलं.

सुबोध गुप्तांची २००६ची ‘व्हेरी हंग्री गॉड’ ही शेकडो स्टीलच्या भांड्यांची प्रचंड कवटी. तीच कवटी कांशात ओतली तर फक्त मृत्यूची खूण राहील. भांड्यांमुळे तिच्यात भूक येते, कारण ती रिकामी आहेत. लग्नात आलेल्या, नाव घातलेल्या स्टीलच्या भांड्यांनी ज्यांच्या घरातल्या फळ्या भरल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाकडे त्यांचं ‘लाइन ऑफ कंट्रोल’ आहे : भांड्यांचाच अणुस्फोटासारखा ढग. तिथेही कसोटी टिकते. मात्र त्यांच्या काही कामांत मला भांड्याची चमक पुढे येते आणि अर्थ मागे राहतो असं वाटतं. एकाच कलावंताची सगळी कामं कसोटीला उतरतील अशी अपेक्षा धरू नये.

भारती खेर यांची २००६ची हत्तीण फायबरग्लासची आहे, खऱ्या हत्तीएवढी, जमिनीवर बसकण मारलेली. ती विसावली आहे की शेवटचा श्वास घेते आहे ते सांगता येत नाही. तिच्या सर्वांगावर नागमोडी, शुक्रजंतूच्या आकाराच्या टिकल्या चिकटवलेल्या आहेत. असली टिकली खेर यांना दिल्लीत एका बाईच्या कपाळावर दिसली आणि त्या दुकान शोधत गेल्या. तीच नक्षी ब्रशने रंगवली असती तर? त्वचा रंगीत दिसली असती, पण बाईने रोज कपाळावर लावायच्या हजारो वस्तूंनी अंग झाकलं आहे ही जाणीव गेली असती.

कसोटी उलटीही लावता येते. चिनी कलावंत आय वेवे यांनी २०१०मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या भव्य दालनात सूर्यफुलाच्या दहा कोटी बिया पसरल्या. त्या चिनी मातीच्या होत्या. जिंगदेजेन या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध शहरातल्या सुमारे सोळाशे कारागिरांनी केलेल्या. तिथे खऱ्या बिया टाकल्या असत्या तर तो नुसता ढीग झाला असता. प्रत्येक बी कुणीतरी हाताने रंगवली आहे, हाच त्या कामाचा गाभा.

पायरी सहावी : दुसरी भेट आणि मागची वर्षं

एकदा पाहून निवड करू नये. मुंबईत अनेक खासगी कलादालनांतलं प्रदर्शन महिनाभर तरी चालतं आणि बहुतेक ठिकाणी प्रवेश विनामूल्य असतो. काही दिवसांनी परत जावं. पहिल्या वेळी आश्चर्याने जागा अडवलेली असते, ती आता मोकळी झालेली असते.

दुसऱ्या भेटीत एकच प्रश्न विचारावा : मागच्या वेळी न दिसलेलं काही दिसलं का? दिसलं तर नावापुढे खूण करावी. ‘हं, तेच ते’ असं वाटलं तर तेही लिहून ठेवावं.

मग त्या कलावंताची वेगवेगळ्या काळातली तीन कामं शोधावीत. शीला गौडा मुळात चित्रकार. १९९२च्या सुमारास देशात उसळलेल्या हिंसाचारानंतर त्या शेणाकडे वळल्या. पुढे १९९८मध्ये सुयांत दोरे ओवून, त्यांचे जुडगे कुंकू आणि डिंकाने लाल करून त्यांनी लांबलचक दोर केले. दोराच्या टोकाशी सुयांचा झुबका लोंबत राहतो. नंतर डांबराची रिकामी पिंपं आली, मग केस. वस्तू बदलत गेली, पण राबणाऱ्या हातांकडे पाहायची नजर कायम राहिली. अनात्सुईंनी बुचांच्या आधी बाजारातले लाकडी थाळे, फुटकी मडकी, यांत्रिक करवतीने कापलेलं लाकूड असा मोठा प्रवास केला आहे.

इथे ओळखायची ती युक्ती. तिसरं काम पाहण्याआधीच आपल्याला त्याचा अंदाज आला, आणि तो तंतोतंत बरोबर निघाला, तर माध्यम कलावंताची ओळखपाटी झालेलं असतं. त्यात गुन्हा नाही, पण आवडता म्हणायला घाई करू नये.

पायरी सातवी : कुणाचे हात, आणि शेवट काय?

सवयीबाहेरची वस्तू कुजते, उडते, झडते. डेमियन हर्स्ट यांनी १९९१मध्ये रसायनात ठेवलेला शार्क खराब होत गेला आणि २००६मध्ये त्या जागी दुसरा आणावा लागला. मग ते पहिलंच काम राहिलं का, यावर अजून वाद होतो. पाचपुत्यांची भिंतीवरची चित्रं अनेकदा प्रदर्शन संपल्यावर पुसली जातात. आय वेवेंच्या बियांवर सुरुवातीला लोक चालत होते. चिनी मातीची धूळ उडू लागल्यावर ते बंद करावं लागलं.

दुसरा प्रश्न हातांचा. लाइब परागकण स्वतः गोळा करतात, वसंतापासून महिनोन्‌महिने, झुडपाझुडपातून. अनात्सुईंचं काम मदतनीसांच्या मोठ्या ताफ्याशिवाय होत नाही. दोन्ही पद्धती चालतात. पण काम कुणी केलं हे कलावंत उघडपणे सांगतो का, मोबदल्यातला वाटा ते करणाऱ्यांपर्यंत पोचतो का, हे पाहावं. मुनीझ यांनी कचरावेचकांच्या चित्रांतून आलेला पैसा त्यांच्या संघटनेला दिला.

ही पायरी कुणाला बाद करायला नाही. आवडता म्हणून नाव घ्यायचं तर हेही माहीत असावं, इतकंच.

पायरी आठवी : पाच ओळी लिहायच्या

आता प्रत्येक नावापुढे पाच ओळी लिहाव्यात. काय पाहिलं, जवळून काय दिसलं, वस्तू कुठून आली, अदलाबदलीत काय झालं, दुसऱ्या भेटीत काय उरलं.

किंमत, पुरस्कार, कोणत्या संग्रहालयाने घेतलं हे या पाच ओळींत येऊ देऊ नये. लिलावाचा आकडा बाजाराचं मत सांगतो, आपलं नाही. तसंच ‘मला कळलं नाही म्हणजे ते नक्कीच थोर असणार’ हा न्यूनगंडही बाजूला ठेवावा. कळलं नाही तर तिथे ‘कळलं नाही’ असंच लिहावं.

फक्त फोटो पाहून लिहिलेल्या ओळींपुढे ‘फोटो’ असं नोंदवावं. अनात्सुईंची तार किंवा केसांच्या दोराचा खरखरीतपणा लांबून काढलेल्या फोटोत येत नाही. प्रत्यक्ष पाहणं शक्य नसेल तर निदान जवळून घेतलेले फोटो आणि काम टांगतानाचे व्हिडिओ शोधावेत.

एकदा पूर्ण करून पाहू

माझ्या यादीत शेवटी दोन नावं उरली : अनात्सुई आणि गौडा.

अनात्सुईंच्या ओळी अशा. लांबून वस्त्र, जवळून बुचं. दारूचा आणि गुलामगिरीचा इतिहास. बुचांऐवजी रंगीत कापड घातलं तर काम कोसळतं. पुन्हा पाहताना नवी घडी दिसते, कारण मांडणीच बदललेली असते. पाचही ओळी भक्कम.

गौडांच्या ओळी अशा. लांबून काळी वेटोळी, जवळून केस आणि नकळत एक पाऊल मागे. मंदिर, न्हावी, बाजार, ट्रक असा प्रवास. नायलॉन चालत नाही. पुन्हा पाहताना लक्षात येतं की बंपर केसांवर तोललेले आहेत.

गुण मोजले तर बरोबरी. अशा वेळी एक जादा प्रश्न उपयोगी पडतो : या कामानंतर दालनाबाहेरची ती वस्तू पाहायची आपली रीत बदलली का? अनात्सुईंचं सौंदर्य मला आधी दिपवतं आणि विचार मागाहून येतो. गौडांचं काम आधी अस्वस्थ करतं. त्यानंतर ट्रकला बांधलेल्या काळ्या दोऱ्याकडे नुसती अंधश्रद्धा म्हणून पाहता येत नाही. तो वळणारे हात आणि गाडी चालवणाऱ्याची भीती दोन्ही दिसतात. म्हणून माझं नाव शीला गौडा. आपलं उत्तर वेगळं येईल, आणि कारण पाच ओळींत सांगता आलं तर ते तितकंच बरोबर असेल.

सुरुवात कुठून करावी?

मुंबईत फोर्ट-कुलाबा परिसरातली कलादालनं आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय एका दुपारी पायी होतात. गोव्यात पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत केरकरांचं म्युझियम ऑफ गोवा आहे. मोठा बेत आखता आला तर २०१२पासून भरणारं कोची-मुझिरिस द्वैवार्षिक प्रदर्शन गाठावं. तिथे अशी कामं जुन्या वखारींत मांडलेली असतात.

पहिल्या फेरीत दोनच कामं निवडावीत, प्रत्येकापुढे पाच मिनिटं पाटी न वाचता उभं राहावं आणि घरी आल्यावर ओळी लिहाव्यात. सहा नावं पूर्ण व्हायला वर्ष लागलं तरी हरकत नाही. वही मात्र जपून ठेवावी. पुढे एखादं नाव मागे पडेल, दुसरं वर येईल, आणि का बदललं याचं उत्तर त्या वहीतच सापडेल.